भिंतीच्या अलीकडे

रेमेदीनने तिसरा चमचा तोंडाशी नेला, तोच आधीच्या दोन चमच्यांची पेज दुमिंगच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर आली आणि हनुवटीवरून गळ्यातल्या क्रुसाच्या दोरीवर ओघळली. तिने पदराच्या टोकाने ती टिपली आणि चमचा पुन्हा वाटीत बुडवला.

"राहू द्या, काकी," डॉ. परुळेकर म्हणाले. "घोट खाली उतरतच नाहीये. उगाच श्वासात जाईल."

तिने वाटी स्टुलावर ठेवली. चमचा मात्र हातातच राहिला.

पंधरवड्यापूर्वी अंगणात तोंड धुताना दुमिंग कोसळला होता. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. अंधेरीच्या त्या गावठाणात असा एकही उंबरा नव्हता, ज्याचं दार किंवा खिडकी दुमिंग सुताराच्या हातची नव्हती. आता तो स्वतःच बनवलेल्या खाटेवर, छपराच्या वाशांकडे बघत पडून होता. त्याला काय कळत होतं आणि काय नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

डॉक्टरांनी नेल्सनला बाहेरच्या खोलीत बोलावलं. रेमेदीनही मागोमाग गेली.

"नाकातून नळी घालून पोटात अन्न देता येतं," डॉक्टर म्हणाले. "पण ते हॉस्पिटलात. छाती भरली तर श्वासाचं मशीन लावतील. त्यावर महिना निघेल, दोन महिनेही निघतील. पण ते उठून बसतील, बोलतील, असं मी सांगणार नाही. घरी ठेवलंत तर मात्र फार दिवस नाहीत."

नेल्सन खिडकीच्या गजांना धरून उभा होता. तो विमानतळावर कार्गोत कामाला होता आणि रात्रपाळी करून तसाच जागा होता.

"पप्पांनी सांगून ठेवलंय, डॉक्टर. जुजे अंकलच्या वेळी."

ते खरं होतं. दुमिंगचा भाऊ जुजे दोन महिने हॉस्पिटलात नळ्या लावून पडला होता. त्या उपटून काढू नयेत म्हणून त्याचे हात खाटेला बांधलेले असत. त्याला बघून आल्यावर दुमिंग जेवणाच्या टेबलाशी बसला होता आणि ताटाला हात न लावता म्हणाला होता, "माझ्या अंगात असलं काही घालू नका. बोलावणं आलं की मी जाईन."

"तेव्हा मीपण होते तिथं," रेमेदीन म्हणाली. "तरी यांना हॉस्पिटलात न्या."

नेल्सनने वळून बघितलं. पंधरा दिवस तिनेच दुमिंगचं सगळं केलं होतं. पुसणं, कूस बदलणं, रोझरी म्हणणं, आणि एकदाही रडली नव्हती. ती तयार झाली आहे, असंच सगळे धरून चालले होते.

"ममा, कशासाठी?"

"जगवता येतंय ना? मग जगवा."

एवढं बोलून ती आत गेली. परवा सकाळी खाट मिळेल, ॲम्ब्युलन्स मी सांगून ठेवतो, असं डॉक्टरांनी नेल्सनला सांगितल्याचं तिने आतून ऐकलं.

*

दुपारी सरूबाई आली. खारदांड्याहून मासळीची पाटी घेऊन ती तरुणपणापासून या गावठाणात येत असे. तिचं रेमेदीनशी असलेलं नातं नुसतं गिऱ्हाइकाचं राहिलं नाही ते कधीपासून, हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. आज पाटीत मांदेली होती. तिने ती दाखवलीही नाही. ओट्यावर टेकली आणि पदराने वारा घेऊ लागली. ऑक्टोबरचं ऊन अंगणात पसरलं होतं.

"नेल्सन सांगत होता, हॉस्पिटलान नेते तू त्याला. कशाला गं? म्हाताऱ्याला घरान मरू दे ना."

"मला त्यांना एक विचारायचं आहे."

सरूबाईने वारा घ्यायचं थांबवलं. काय विचारायचं आहे, हे तिने विचारलं नाही. तिला ठाऊक होतं.

ज्या वर्षी गोदीत स्फोट होऊन आगी लागल्या, त्या चव्वेचाळीस सालची ती गोष्ट. रेमेदीन तेव्हा विशीचीही नव्हती. सासू ईस्टरच्या सुमाराला वारली आणि त्यानंतर महिन्याभरात, आठव्या महिन्यातच, रेमेदीनचं पोट दुखायला लागलं. पासकीन सुईण आली. भर दुपारी, या घराच्या आतल्या खोलीत पहिलं मूल झालं. पासकीनने ते लगेच लुगड्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "श्वास नाही."

पण त्याआधी रेमेदीनला एक आवाज आला होता. मांजराच्या पिल्लासारखा, एकदाच. "दाराची बिजागरी वाजली," असं पासकीन म्हणाली. मुलगा की मुलगी, हेही तिने सांगितलं नाही. "कळलं की विसरता येत नाही, पोरी," एवढंच बोलली आणि पुढे दोन-तीन वर्षांत स्वतःच वारली. तेव्हापासून या घरातली एकही बिजागरी रेमेदीनने कुरकुरू दिली नव्हती. दर शनिवारी ती खोबरेलाची वाटी घेऊन एकेका दाराशी जाई. सुताराच्या बायकोला हौस आहे, असं शेजारी म्हणत.

श्वास नाही म्हणजे बाप्तिस्मा नाही. मेलेल्याच्या डोक्यावर पाणी घालत नाहीत. आणि ज्याच्यावर पाणी पडलं नाही, त्याला सिमेट्रीत जागा नाही. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांनी दुमिंगला हे दारातच सांगितलं होतं. भिंतीबाहेर पुरा, घंटा वाजायची नाही. दुमिंग ते गाठोडं छातीशी धरून उन्हात निघून गेला आणि दिवे लागल्यावर परतला. विहिरीवर तो बराच वेळ हात धूत होता. मग आत येऊन म्हणाला, "झालं." त्याबद्दल पुढे तो एक अक्षरही बोलला नाही आणि तिने विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, असंच तेव्हा सगळ्यांना वाटे.

पुढे नेल्सन झाला. दिवस सरले. पण दर नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, सगळं गावठाण आपापल्या कबरींवर फुलं घालून मेणबत्त्या लावत असताना, रेमेदीन घरच्या कबरीवर एक मेणबत्ती लावी आणि दुसरी पदराआड धरून फाटकाबाहेर येई. भिंतीला लागून ती कुठेतरी अंदाजाने उभी करी. आधी तिथे गवत होतं. मग गटार झालं. आता रिक्षा उभ्या राहत आणि एक पंक्चरवाला बसे. ती आली की तो न बोलता आपले टायर बाजूला सरकवी. दुमिंग तिच्याबरोबर बाहेर कधीच आला नाही. तो आतच, आईच्या कबरीपाशी, टोपी हातात घेऊन थांबे. त्याला लाज वाटते, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"माझे पन दोन गेली ना," सरूबाई म्हणाली. "आमी तसल्या पोरांना जालत नाय, पुरतो. थोरल्याला वालूत पुरला, आमच्या बंदरावं. दुसऱ्या साली दर्यानं वालूच नेली."

"पण कुठं पुरलं ते तुला ठाऊक तरी आहे."

"ठाव हाय. मंग काय जालं? तो काय उठून येतो?" सरूबाईने पाटी डोक्यावर घ्यायला हात घातला आणि पुन्हा खाली ठेवली. "त्याला बोलता येत नाय ना? पन एक हात चालतो. मंग हाताला विचार. हो असंल तर दाबंल. त्यासाठी नल्या कशाला घालते त्याच्या अंगान?"

सरूबाईने जाताना मूठभर मांदेली ओट्यावरच्या थाळीत टाकली आणि मागे न बघता निघून गेली.

*

संध्याकाळी फादर अँसेल्म आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आले. ते गावठाणाच्या या देवळात, चर्चमध्ये, चार-सहा महिन्यांपूर्वीच आले होते. वयाने नेल्सनहून लहान. सकाळचा मिस्सा, म्हणजे उपासना, आटोपला की स्कूटरवरून आजाऱ्यांच्या घरी जात. त्यांनी दुमिंगच्या कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावलं, हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली. दुमिंगचे डोळे वाशांवरून हलले नाहीत.

चहा घेताना नेल्सननेच विषय काढला. नळीचा, मशीनचा, पप्पांच्या बोलण्याचा. आई ऐकत नाही, हे त्याने सांगितलं नाही, पण फादरांच्या लक्षात आलं.

"कुणाला मारणं आणि कुणाला जाऊ देणं, हे एक नव्हे," ते म्हणाले. "जीव आपल्या हातांनी तोडायचा नाही. पण मरण नुसतं लांबवत ठेवायची सक्तीही देवळाने कधी केलेली नाही. मशीन नको म्हणालात, तर त्यात पाप नाही, माय."

"आणि नळी?" रेमेदीनने विचारलं. "नळीतून पेजच जाते ना? मग ते औषध की जेवण?"

फादरांनी कप खाली ठेवला. 

"त्यावर आमच्यातच एकमत नाही. खोटं कशाला सांगू? शरीराला झेपत नसेल तर तेही टाळता येतं, असं मला वाटतं. पण तुम्हाला द्यायचं असेल, तर तेही चुकीचं नाही. हे तुम्ही घरच्यांनी ठरवायचं."

रेमेदीनने नेल्सनला पाव आणायला पाठवलं. घरात पाव होता. नेल्सन काही न म्हणता चपला घालून गेला.

"फादर," ती म्हणाली, "पाणी न पडलेलं पोर कुठं जातं?"

"कुणाचं?"

"कुणाचंही."

"आपण त्याला देवाच्या दयेवर सोपवतो."

"आम्हाला लिंबो शिकवलं होतं. स्वर्ग नाही, नरक नाही, तिथं देव दिसत नाही."

"तो विद्वानांनी लावलेला तर्क होता, माय. श्रद्धेचा भाग नव्हता कधी." फादरांचा स्वर उत्साही झाला, चांगली बातमी आपल्याकडे आहे असं त्यांना वाटत होतं. "आणि आता नवीन कायदा आलाय, दोन वर्षं झाली. आईबापांच्या मनात बाप्तिस्मा द्यायचा होता आणि त्याआधीच मूल गेलं, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा दफनविधी करता येतो. सगळ्यांसारखा."

"आत?"

"आत."

"भिंतीच्या आत?"

"हो, माय."

रेमेदीनने हातातला रुमाल मांडीवर ठेवला आणि त्याची घडी घातली. मग उलगडून पुन्हा घातली.

"म्हणजे तेव्हाही आत चाललं असतं."

"तेव्हा नियम वेगळा होता."

"पोर तेच होतं ना, फादर."

फादर अँसेल्मच्या चेहऱ्यावरचा उत्साह गेला. रस्त्यावरून एक रिक्षा फटफटत गेली.

"कुठं आहे ते?" त्यांनी विचारलं. "मी येतो तिथं. परवानगी मी आणतो. आपण नीट प्रार्थना करू."

"ते यांना ठाऊक." तिने मानेनेच आतल्या खोलीकडे दाखवलं.

"मुलगा होता की मुलगी?"

"तेपण यांनाच ठाऊक."

फादर उठले. निघताना ते आत गेले आणि खाटेशी बराच वेळ उभे राहिले. पण प्रार्थना म्हणाले नाहीत.

*

सकाळच्या मिस्साची घंटा झाली तेव्हा रेमेदीन जागीच होती. गल्लीत दुधाच्या बाटल्यांचा आवाज सुरू झाला होता. नेल्सन बाहेरच्या खोलीत झोपला होता. तिने दार लोटून घेतलं. ते आवाज न करता लागलं. मग ती खाटेच्या डाव्या बाजूला बसली.

"ओ," ती म्हणाली. "ऐकताय ना?"

दुमिंग जागा होता. तिने आपलं बोट त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. रंधा धरून घट्टे पडलेला तो हात आता मऊ पडला होता.

"हो असेल तर दाबायचं. नसेल तर काही करू नका."

किती वर्षं हा प्रश्न तिने मनात घडवला होता, आणि आता शब्द सापडत नव्हते.

"आपलं पोर," ती म्हणाली. "भिंतीबाहेर, गटाराच्या बाजूला आहे का?"

हात तसाच राहिला.

"फाटकाजवळ? चिंच होती तिथं?"

काही नाही. त्याची छाती वरखाली होत होती आणि घशात घरघर चालू होती. तिला वाटलं, हे सगळं मूर्खपणाचं आहे. परवा, म्हणजे उद्या, याला घेऊन जातील, नाकातून नळी घालतील, हात बांधतील, आणि तिथेही आपण अशाच शेजारी बसून राहू. तिच्या अंगातून एक थरथर गेली, ती बोटापर्यंत आली.

"मग आत?"

दुमिंगची बोटं मिटली.

ती हलली नाही. बाहेर कुणीतरी बादली विहिरीत सोडली. पाण्याला लागेपर्यंत तो दोर कुरकुरत राहिला.

"आत?" तिने पुन्हा विचारलं. "कुठं? आईंच्या…?"

मूठ आवळली. इतकी, की तिचं बोट दुखायला लागलं. तिने वाकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे वाशांवरच होते, पण डाव्या डोळ्यात पाणी होतं. ते पाणी पंधरा दिवस असंच येत-जात होतं, हेही तिला ठाऊक होतं.

सासूला जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. माती भुसभुशीत असणार. सुताराच्या हाताला फावडं जड नव्हतं. तो उन्हात निघाला आणि दिवे लागल्यावर आला. भिंतीबाहेर हातभर खड्डा खणायला एवढा वेळ लागत नाही. सिमेट्रीतला माणूस जेवायला जाईपर्यंत, लोक घरी जाईपर्यंत तो कुठेतरी थांबला असणार, ते गाठोडं घेऊन. फादरांना कळलं असतं तर त्यांनी ते पुन्हा उकरून बाहेर काढायला लावलं असतं. म्हणून कुणालाच सांगायचं नाही. बायकोलाही नाही, बायका कन्फेशनला जातात, फादरांना सगळं सांगतात. आणि दर नोव्हेंबरला ती बाहेर गटाराशी मेणबत्ती लावत असताना तो आतच थांबलेला, टोपी हातात घेऊन.

सगळं जुळत होतं. सगळं जुळावं असं तिला वाटत होतं, हेही तिला दिसत होतं.

"आणि त्या दिवशी," ती म्हणाली, "तुम्ही दाराबाहेर होतात. एक आवाज…"

ती थांबली. मूठ अजून आवळलेलीच होती. तिने दुसऱ्या हाताने त्याचं एकेक बोट उकललं, आपलं बोट सोडवून घेतलं आणि तो हात हळूच चादरीखाली ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. गल्ली अरुंद होती. स्ट्रेचर चालतच आणावं लागणार होतं. डॉ. परुळेकर दवाखाना उघडण्याआधी आले होते. नेल्सन आत वडिलांच्या अंगावरची चादर नीट करत होता, तो एकदम ओरडला.

"डॉक्टर! पप्पांनी हात धरला माझा!"

त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. डॉक्टर जवळ गेले. त्यांनी नेल्सनचा हात सोडवला आणि खिशातलं पेन काढून दुमिंगच्या तळहातावरून फिरवलं. बोटं पेनाभोवती मिटली.

"ही ओळख नव्हे, नेल्सन," ते म्हणाले. "मेंदूचा पुढचा भाग दुखावला की असं होतं. तळव्यावरून काही सरकलं की मूठ आपोआप मिटते, मग ते काहीही असो. नवजात बाळाची मिटते ना, तशीच. जन्मताना असते ती सवय, पुढे जाते. आणि कधी कधी शेवटी परत येते."

पेन सोडवायला त्यांना थोडा जोर लावावा लागला.

रेमेदीन दारात उभी होती. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिने ऐकलं हे त्यांना दिसलं, आणि तिला वाईट वाटलं असेल असं त्यांना वाटलं.

"तुम्हाला कळलं का, काकी?"

"कळलं."

ती तशीच वळली, अंगण ओलांडून गल्लीच्या तोंडाशी गेली. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर बोनेटला टेकून बिडी ओढत होता. स्ट्रेचरवाले दोघे खाली उतरले होते.

"गाडी परत न्या," ती म्हणाली. "माणूस घरीच राहणार."

नेल्सन धावत आला. "ममा, परवा तर तूच म्हणालीस! मी नको म्हणत होतो, तू हट्ट धरलास. आता काय झालं? डॉक्टर हाताचं बोलले म्हणून?"

"नाही."

"मग?"

"परवा मला ठाऊक नव्हतं."

"काय ठाऊक नव्हतं?"

ती उत्तर न देता घरात आली. कपात पाणी घेतलं, कापसाचा बोळा बुडवला आणि दुमिंगच्या ओठांवरून फिरवला. ओठांनी ते शोषून घेतलं. तिने पुन्हा बोळा बुडवला. दारात उभा राहून नेल्सन बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग तोही आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी बसला. डॉक्टरांनी बॅग उचलली. "ताप आला तर बोलवा," एवढंच म्हणाले.

*

दुमिंग त्याच आठवड्यात गेला. दुपारची वेळ होती. सरूबाई पाटी अंगणात ठेवून आत बसली होती, नेल्सन कामावरून येऊन कपडे बदलत होता, आणि रेमेदीन नमो मारिया म्हणत होती. घशातली घरघर थांबली, एवढंच. तिने सुरू केलेली प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली आणि मग त्याचे डोळे मिटले. थोड्या वेळाने देवळाची घंटा वाजली. जुन्या माणसांनी घरोघरी हातातलं काम थांबवून कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली.

संध्याकाळी फादर अँसेल्म आले. नेल्सन कॉफिनवाल्याकडे गेलेला होता.

"जागा कळली का, माय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"कळली."

"त्यांनी सांगितलं?"

रेमेदीनने त्यांच्याकडे बघितलं. "उद्या प्रार्थना दोघांसाठी म्हणा, फादर."

फादरांना आणखी विचारायचं होतं. ते तिला दिसलं. पण ते फक्त म्हणाले, "बिशप हाऊसला मी आज गेलो होतो. चालेल म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरची कबर उघडायची होती. कबर खणताना घरच्या बायका जात नाहीत, पण रेमेदीन गेली. नेल्सनने तिला अडवून बघितलं, मग छत्री घेऊन बरोबर आला. ऊन चढत होतं. सणाला काहीच दिवस राहिले होते, म्हणून आजूबाजूच्या कबरींना लोकांनी चुना लावला होता आणि ते पांढरं डोळ्यांना झोंबत होतं.

सिमेट्रीतला दशरथ कमरेइतका खाली उतरला होता. सासूच्या नावाचा दगड त्याने बाजूला भिंतीला टेकवून ठेवला होता. माती वरवरची कोरडी होती, खालची काळी आणि ओलसर. तो खणे, थांबे, हाताने माती चाचपे, पुन्हा खणे.

रेमेदीन चार पावलं लांब उभी होती.

दशरथने घाम पुसला आणि वर बघितलं. "माय, आधीचं काय निघंल ते कुठं ठेवू? हाडांच्या विहिरीत टाकतात बरेच लोक. का इथंच ठेवायचं?"

नेल्सन उत्तर देणार होता. तिने त्याच्या दंडाला हात लावला.

"आईंचं जे असेल ते यांच्या पायाशी ठेव," ती म्हणाली. "फडक्यात बांधून."

"बरं."

"आणि लहान काही निघालं तर…"

"लहान म्हंजे?"

"लहान." तिचा आवाज सरळ होता. "ते डाव्या हाताशी ठेव."

नेल्सनने तिच्याकडे बघितलं. छत्री त्याच्या हातात तिरकी झाली आणि ऊन तिच्या चेहऱ्यावर आलं. दशरथने मान हलवून फावडं उचललं, या वेळी जरा बेतानेच, आणि खाली वाकला.

रेमेदीन कडेपाशी गेली नाही. ती तिथेच पाठ फिरवून उभी राहिली आणि माती पडण्याचा आवाज ऐकू लागली.